मागचे दिवे

अमेरिकेत लहान ट्रेलरला चार वायरी जातात. पांढरी अर्थची, तपकिरी मागच्या लाल दिव्यांची, पिवळी डाव्या बाजूची आणि हिरवी उजव्या बाजूची. चारही वायरी एका चपट्या रबरी प्लगमध्ये शेजारी शेजारी बसतात. या प्लगची रचना बघण्यासारखी आहे. गाडीच्या बाजूला तीन टोकं रबरात झाकलेली असतात आणि एकच पिन उघडी असते, ती अर्थची. ट्रेलरच्या बाजूला बरोबर उलट. त्यामुळे ट्रेलर जोडलेला नसताना गाडीकडचा प्लग लोंबकळत बंपरला घासला तरी शॉर्ट होत नाही, कारण करंट असलेलं टोक उघडं नसतंच. शिवाय घाईत, अंधारात, थंडीने बोटं बधिर झालेली असतानाही तो उलटा बसत नाही. किरकोळ किमतीची वस्तू, पण कुणीतरी शांतपणे बसून विचार केलेली.

मी ओहायोत राहते. शहराच्या बाहेर, मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांना लागून घर आहे. दारात १९९५ सालची एक फोर्ड एफ-१५० पिकअप उभी असते. शेजारच्या शेतकरी आजोबांकडून ती मी घेतली तेव्हा नवऱ्याने तिच्याकडे बघून फक्त "बरं" एवढंच म्हटलं होतं. पण झाडांच्या बुंध्याला घालायचा भुसा, फांद्या, जळाऊ लाकूड, जुनं सामान, सगळ्याला ती लागते. गेल्या वर्षी पाच बाय आठ फुटांचा एक जुना ट्रेलरही मिळाला आणि त्याच्या दिव्यांचं काम अंगावर आलं. ट्रेलर भरला की पिकअपचे स्वतःचे मागचे दिवे झाकले जातात. मागून येणाऱ्याला दिसतो तो फक्त ट्रेलर. म्हणून ट्रेलरला त्याचे दिवे हवेत. हिशोब इतका साधा आहे.

या कामाला जुनी अमेरिकन पिकअप सोयीची. तिच्यात ब्रेकचा दिवा आणि इंडिकेटर वेगळे नसतात, एकाच लाल बल्बची एकच जाड तार दोन्ही कामं करते. दोन फिलामेंटचा बल्ब असतो. मंद फिलामेंट रात्रीच्या लाल दिव्याचं, तेज फिलामेंट ब्रेकचं आणि वळण्याचं. ब्रेक दाबला की दोन्ही बाजू स्थिर पेटतात, डावीकडे वळायचं असेल तर डावी लुकलुकते. त्यामुळे तीन वायरी आणि अर्थ एवढ्यावर भागतं. आपल्याकडच्या गाड्यांना इंडिकेटर पिवळा आणि वेगळा असतो. तशी वायरिंग असलेल्या गाडीला हा चार वायरींचा प्लग लावायचा तर मध्ये एक कन्व्हर्टरचा डबा बसवावा लागतो.

हे मी पुतण्याला व्हिडिओ कॉलवर सांगत होते तेव्हा तो म्हणाला, "मग आत्या, गडी ब्रेक मारायलाय का वळायलाय, हे मागच्याला कसं कळायचं?"

"ब्रेक मारून वळत असेल तर एक स्थिर, एक लुकलुक."

"आन् एक बल्ब उडाला असला तर?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रश्न बरोबर होता.

माझी शनिवारची सकाळ म्हणजे सांगलीकडची शनिवारची संध्याकाळ. ऑक्टोबरचे दिवस होते. मी पिकअपच्या मागे पुठ्ठा अंथरून आडवी झाले होते आणि तो तिकडे वस्तीवर ट्रॉलीच्या खाली आडवा झाला होता. दोघांचेही फोन विटेला टेकवलेले. त्याने दोन वर्षांपूर्वी कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला आहे आणि हंगामात तो ऊस ओढतो. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, फडापासून कारखान्याच्या काट्यापर्यंत. गळीत हंगाम सुरू व्हायला काही दिवस उरले होते आणि ट्रॉल्यांची वायरिंग त्याला नव्याने करायची होती.

इकडच्या कामाचं आधी सांगते. आजोबांनी कधीकाळी ट्रेलरसाठी वायरी काढल्या होत्या, पण त्या निळ्या प्लास्टिकच्या चिमट्यांनी. चालू वायरीला हा चिमटा दाबला की आतली पत्र्याची पट्टी इन्सुलेशन कापून तांब्याला भिडते. सोलायला नको, डाग द्यायला नको. पाच मिनिटांत काम. पण ही पट्टी तांब्याच्या दोन-चार तारा तोडते, आणि कापलेल्या जागेतून पाणी आत शिरतं. ओहायोत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. मिठाचं पाणी एकदा वायरीत शिरलं की तांबं हिरवट होतं आणि ती हिरवी बुरशी इन्सुलेशनच्या आतून वीत-वीत पुढे सरकते. वरून वायर धडधाकट दिसते, आत पीठ झालेलं असतं. चकचकीत तांबं लागेपर्यंत मी वायरी कापत गेले. मग टेस्टलॅम्प घेऊन एकेक वायर ओळखली. कोणत्या रंगाची वायर कशाची हे पुस्तकात दिलेलं असतं, पण तीस वर्षांच्या गाडीत किती जणांचे हात लागलेत हे पुस्तकाला माहीत नसतं. लाल दिवा लावायचा, बघायचं. डावा इंडिकेटर, बघायचं. उजवा, बघायचं. मग सांधा पिळायचा, डाग द्यायचा, आणि वरून आत डिंक असलेली नळी तापवून आवळायची.

एकूण कामात सर्वांत दुर्लक्षित वायर म्हणजे पांढरी. बरेच जण ती ट्रेलरच्या सांगाड्याला अडकवतात आणि सोडून देतात. करंट परत जायचा रस्ता मग हिचच्या गोळ्यातून जातो, आणि त्या गोळ्याला तर आपण ग्रीस लावलेलं असतं. सरळ रस्त्यावर दिवे लागतात, खड्ड्यात विझतात, वळणावर पुन्हा लागतात. याहून वेडंवाकडं म्हणजे, अर्थ तुटली की करंट दुसरा रस्ता शोधतो. डाव्या इंडिकेटरचा करंट डाव्या बल्बच्या मंद फिलामेंटमधून उलटा तपकिरी वायरीत शिरतो, तिथून पलीकडच्या बल्बमध्ये जातो, आणि बघणाऱ्याला सगळे दिवे अर्धेमुर्धे, चुकीच्या तालावर लुकलुकताना दिसतात. माणूस बल्ब बदलतो, फ्लॅशर बदलतो, स्विच बदलतो. दोष एका वायरीत असतो, तिच्याकडे कुणी बघतच नाही. म्हणून मी पांढरी वायर प्रत्येक दिव्यापर्यंत स्वतंत्र ओढली आणि गाडीच्या चासीवरचा रंग खरवडून पक्की आवळली.

पुतण्याच्या ट्रॉलीचं दुखणं हेच होतं, फक्त मोठं. ट्रॅक्टरपासून दुसऱ्या ट्रॉलीच्या फाळक्यापर्यंत पंधरा-सोळा मीटर वायर, आणि मध्ये दोन हूक, दोन पिना. मी त्याला मीटर लावायला सांगितलं. इंजिन चालू असताना ट्रॅक्टरपाशी १३.८ व्होल्ट. शेवटच्या बल्बपाशी ११.६. ऐकायला फरक थोडा वाटतो, पण फिलामेंटचा बल्ब फार हळवा असतो. व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड जवळजवळ तीस टक्के पडतो. त्याच्या शेवटच्या दिव्याचा उजेड निम्म्यावर आला होता. ट्रॅक्टरवर गाण्यांच्या पेट्यांना जाडजूड केबल टाकलेली होती आणि मागच्या दिव्याला घंटीची वायर. मी ते बोलले नाही. त्यालाच दिसलं आणि तो हसला.

"पेट्या आधीच्या मालकाच्या हायत्या," म्हणाला.

आता दादाबद्दल लिहायला हवं.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, या पोराचा बाप. जानेवारी २००९. त्या आठवड्यात शेतीच्या लाइटची रात्रपाळी होती. ज्यांनी शेती जवळून पाहिली आहे त्यांना हे सांगायला नको. एक आठवडा मोटारीला दिवसा वीज, एक आठवडा रात्री. रात्री अकराला लाइट येणार म्हणून दादा मोटारसायकलवर मळ्याकडे निघाला. रस्त्याकडेला उसाने भरलेली ट्रॉली उभी होती. टायर फुटला होता. ट्रॅक्टरवाला भरलेली ट्रॉली जागेवर सोडून ट्रॅक्टर घेऊन गेला होता. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. चाकांना दगड मात्र नीट लावलेले होते. समोरून एक गाडी आली असावी, असं पोलिसांनी पंचनाम्यावरून म्हटलं. मी तेव्हा इकडे होते. मला कळलं तोवर तिकडे सगळं आटोपलं होतं. पोरगा सहा वर्षांचा होता. पुढे केस उभी राहिली, ट्रॉलीचा विमा नव्हता, तारखा पडत राहिल्या. कारखान्याचं नाव सांगून काही होणार नाही. ती ट्रॉली कुठल्याही कारखान्याच्या वाटेवरची असू शकली असती.

मी पुढे कितीदा तरी तो हिशोब मांडला आहे. हिशोब मांडल्याने काही होत नाही, पण मला तो मांडल्याशिवाय राहवत नाही. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे साडेसोळा मीटर. खाली पाडलेल्या हेडलाइटच्या उजेडात काळपट, न चकाकणारी वस्तू पन्नासेक मीटरवर दिसली तर नशीब. दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद, म्हणजे पंचवीस मीटर गेले. त्यानंतर चांगल्या कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी चोवीस-पंचवीस. बेरीज पन्नास. म्हणजे सगळं जमून आलं तर माणूस ट्रॉलीला टेकून थांबतो. आणि समोरून येणाऱ्या गाडीच्या उजेडाने डोळे दिपलेले असतील, रस्त्यावर माती असेल, तर बेरीज चुकते. दादाच्या वेळी ती चुकली. दोनशे मीटरवरून दिसणारा एखादा लाल ठिपका असता तर त्याला बारा सेकंद मिळाले असते. बारा सेकंदांत माणूस वेग कमी करून, बाजूने वळून, वर ट्रॉलीवाल्याला शिवी हासडून पुढे जातो.

वहिनींनी या पोराला कॉलेजला घातलं. त्याने ते पुरं केलं, दोन वर्षं नोकऱ्या शोधल्या आणि ट्रॅक्टर घेतला. "ऊस ओढणार" म्हणाला तेव्हा वहिनी भांडल्या नाहीत. फक्त त्या ट्रॅक्टरजवळ जायच्या बंद झाल्या. पूजेलाही नाही. हळदकुंकू सासूबाईंनी लावलं. हंगामात तो रात्री-अपरात्री खेपा करतो, कारण काट्यावर नंबर कधी लागेल ते कुणाच्या हातात नसतं. तो परत येईपर्यंत त्या जाग्या असतात, पण विचारत काही नाहीत. मला फोनवर एकदाच म्हणाल्या, "वन्सं, ते लाइट आली म्हणून गेले. आता हा लाइट लावून जातोय म्हणतोय. मी काय म्हणू?"

ट्रॉल्यांना दिवे का नसतात, हे मी पोराला सरळ विचारलं. मला वाटत होतं तेवढं उत्तर सोपं नव्हतं. बेफिकिरी आहेच. पण दिवा लावला तरी तो टिकत नाही. फडात ट्रॉली मागे घेताना बांधाला आपटते. कारखान्यात ऊस खाली करताना फाळक्याजवळच्या वस्तू तुटतात. भरताना मोळ्या मागे दोन-दोन हात बाहेर येतात आणि वाढ्यांनी दिवा झाकला जातो, पेटलेला असला तरी. वायर खाली लोंबते, उसाच्या पाचटात अडकते आणि तुटते. एका ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दुसऱ्याला जातात, त्याचा सॉकेट वेगळा असतो. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात लागलेला दिवा डिसेंबरपर्यंत गेलेला असतो, आणि डिसेंबरात कुणाला सवड असते? खेप चुकली की टोळी बसून राहते, मुकादम ओरडतो, ऊस वाळतो, वजन घटतं.

मग आम्ही दोघांनी ट्रॉलीच तशी करायची ठरवली, की तिला सवड लागू नये. दिवा फाळक्यावरून काढून खाली चासीच्या लोखंडी चॅनलच्या आत बसवला, बाहेर न डोकावणारा, पुढे गजाची जाळी. बल्बऐवजी सील केलेला एलईडी, कारण त्याला करंट कमी लागतो आणि व्होल्टेज थोडं पडलं तरी तो मंद होत नाही. अर्थची वेगळी वायर, हूक आणि पिनेच्या भरवशावर काही नाही. आणि वायरींना संरक्षण म्हणून त्याने जे शोधलं ते मला सुचलं नसतं. ठिबकची जुनी सोळा एमएमची नळी. वस्तीवर भेंडोळी पडलेली असतात. त्यात चारही वायरी ओवल्या, नळी चासीला आतून बांधली. "उंदीर पण खात न्हाईत लवकर," म्हणाला. मी इकडे त्याच कामासाठी दुकानातून महागडी पन्हाळी आणली होती.

चाचणी घ्यायच्या वेळी तो गप्प झाला. दिवे लागले, ब्रेक लागला, दोन्ही बाजू लुकलुकल्या. मी खुश होते. तो म्हणाला, "आत्या, पण त्या रात्री ट्रॉली सोडलेली हुती."

"हो."

"मग तिला कुठला आलाय करंट? हे सगळं असतं तरी दिवा लागलाच नसता."

हे खरं आहे. ट्रेलरला स्वतःची वीज नसते. प्लग काढला की तो आंधळा होतो. आणि सगळ्यात जास्त गरज तेव्हाच असते, बिघडून रस्त्याकडेला एकटा उभा असताना. मी इतकी वर्षं वायरींचा विचार करत आले, कारण मला वायरी कळतात. सहा वर्षांच्या वयात बाप गेलेल्या पोराने मात्र त्या एका रात्रीचा विचार केला होता, आणि त्या रात्री वायर कामाची नव्हती.

त्याच आठवड्यात शेजारचे आजोबा माझं काम बघायला आले. ऐंशीच्या घरातले आहेत, वाकता येत नाही, पण ट्रेलरला एक फेरी मारली. सांधे बघितले, मान हलवली. मग घरी गेले आणि लाल-पांढऱ्या चकाकत्या पट्टीचं एक रीळ घेऊन आले. मोठ्या ट्रेलरना अमेरिकेत १९९३ पासून अशी पट्टी सक्तीची आहे. माझ्यासारख्या छोट्या ट्रेलरला नाही. ते म्हणाले, दिवा तू लावलास तर लागतो, ही पट्टी समोरच्याने दिवा लावला की लागते.

या पट्टीत अगदी बारीक लोलक असतात. उजेड ज्या दिशेने येतो त्याच दिशेला ते तो परत पाठवतात. आरशासारखे भलतीकडे नाही. त्यामुळे मागून येणाऱ्याचा स्वतःचाच हेडलाइट त्याच्या डोळ्यांकडे परत येतो. बॅटरी नको, अर्थ नको. आमच्या भागात ट्रॅक्टरच्या आणि आमिश लोकांच्या घोडागाड्यांच्या मागे एक त्रिकोणी पाटी दिसते. मध्ये झगझगीत नारिंगी, कडेला गडद लाल. दिवसा नारिंगी भाग उठून दिसतो, रात्री लाल कडा पेटल्यासारखी दिसते. ताशी २५ मैलांपेक्षा हळू चालणाऱ्या वाहनांची ती खूण आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ओहायो स्टेट विद्यापीठात केन हार्कनेस या कृषी अभियंत्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली. इथल्या शेतांमधून जाणाऱ्या रस्त्यांवरही लोक हळू चालणाऱ्या ट्रॅक्टरवर मागून आदळून मरत होते. ते काही इथल्या लोकांच्या अंगी उपजत शिस्त होती म्हणून थांबायला लागलं नाही. कुणीतरी मोजलं, पाट्या करून रस्त्यावर तपासल्या, आणि मग त्या लावायला लावल्या.

आपल्याकडेही हंगामाच्या सुरुवातीला रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा होतात. पोलीस येतात, कारखाने येतात, फोटो निघतात. मोहीम वाईट नाही. पण चार इंचांची एक लाल चकती आणि तिच्यावर दोन दिवसांत बसलेला चिखल, याने काम भागत नाही. पोराने बाजारातून चकाकत्या पट्टीचं मोठं रीळ आणलं. फाळक्याच्या पूर्ण रुंदीला दोन ओळी, दोन्ही बाजूंना, आणि वाढ्यांनी झाकलं जाऊ नये म्हणून खाली चासीवर आणखी एक. शिवाय पत्र्याचे दोन त्रिकोण कापून त्यांना पट्टी लावली. ट्रॉली सोडावी लागली तर वीस-तीस पावलं मागे ठेवायला. ते त्याने सीटखाली टाकले आहेत.

हंगाम सुरू झाला. नोव्हेंबरच्या शेवटी वहिनींचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. सासूबाईंचे गुडघे, हरभऱ्यावरची कीड. मग म्हणाल्या, "वन्सं, त्या पट्टीवर चिखल बसतोय. पाण्यानं धुतली तर निघंल का ओ ती?"

मी म्हटलं, नाही निघणार, पण ओल्या फडक्याने पुसली तरी पुरतं.

"त्येच करतीया," त्या म्हणाल्या. "ह्यो घरात जेवायला बसला की मी भाईर जाऊन पुसून घेती. दोन्ही ट्रॉल्या. त्याला ठावं न्हाई."

पोराला ठाऊक आहे. त्याने मला आधीच सांगितलं होतं. जेवताना तो मुद्दाम एक भाकरी जास्त मागतो.